डस्ट कलेक्टरचा आवाज: खोकं सर्वांत शेवटी

सुतारकामातला भुसा ओढून घेणारा डस्ट कलेक्टर फार ओरडतो अशी तक्रार केली की बहुतेक जण एकच सल्ला देतात: त्याच्याभोवती खोकं कर. सल्ला चुकीचा नाही, मीही शेवटी खोकं केलंच. पण त्याआधीची कामं केली नसती तर ते खोकं दुप्पट जड करावं लागलं असतं आणि वरच्या मजल्यावरची झोप तरीही मोडलीच असती. म्हणून हा सगळा उद्योग ज्या क्रमाने झाला त्याच क्रमाने सांगतो.

माझं मशीन साधं आहे. दोन हॉर्सपॉवरची मोटर, तिच्या शाफ्टवर थेट बसवलेला सहा पात्यांचा पंखा, त्याभोवती पत्र्याचं गोल घर, वर कॅनिस्टर म्हणजे डब्यासारखा फिल्टर आणि खाली भुशाची प्लॅस्टिकची पिशवी. सुतारकामाची खोली घरातच आहे, आणि तिच्या बरोबर वर झोपायची खोली. मशीन सुरू केलं की माझ्या कामाच्या टेबलापाशी, म्हणजे साधारण दोन मीटरवर, फोनमधलं मीटर ८६ डेसिबल दाखवायचं.

अमेरिकेतली नायोश ही संस्था कामाच्या जागी आठ तासांसाठी ८५ डेसिबलची मर्यादा सुचवते, आणि त्यापुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायला सांगते. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. हौशी सुतार आठ तास सलग मशीन चालवत नाही, त्यामुळे हा हिशेब मला फारसा घाबरवत नव्हता. त्रास वेगळाच होता. आवाजाच्या कंटाळ्याने मी मशीन लावायचंच टाळायला लागलो होतो. "दोनच तर काप घ्यायचेत" असं म्हणत करवत चालवायची, आणि बारीक भुसा खोलीभर. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते असं ठरलेल्या पदार्थांत टाकलं आहे. तेव्हा चालू न केलेला डस्ट कलेक्टर कितीही भारी असला तरी शून्य किमतीचा.

काही करण्याआधी मोजायचं ठरवलं. फोनचं मीटर खरा आकडा दाखवतं यावर माझा विश्वास नाही, पण फोन तोच, स्टँड त्याच खुणेवर, भुसा ओढणाऱ्या पाइपांवरच्या त्याच झडपा उघड्या आणि फिल्टर झटकलेला असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक विश्वासाचा असतो. मीटरमध्ये 'ए' आणि 'सी' असे दोन प्रकार असतात. 'ए' माणसाच्या कानासारखं खालच्या सुरांना कमी भाव देतं, 'सी' त्यांना जवळजवळ पूर्ण मोजतं. माझ्याकडे 'ए'वर ८६ आणि 'सी'वर ९१ यायचे. इतकं अंतर पडलं की समजावं, बरीचशी घुमघुम खालच्या पट्टीतली आहे. ही गोष्ट महत्त्वाची, कारण स्पंजच्या चादरी भिंतीला चिकटवून खालच्या पट्टीचा आवाज कमी होत नाही. अंड्यांच्या ट्रेबद्दल तर बोलूच नये.

त्याच ॲपमध्ये आवाजाचा आलेख दिसतो. सगळीकडे पसरलेल्या गवतातून एक सुळका वर आलेला होता, २८५ हर्ट्झच्या जवळ. हा कुठून आला ते काढणं सोपं आहे. माझी मोटर मिनिटाला २८५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तेचाळीस; पंख्याला पाती सहा; गुणाकार केला की २८५. पंख्याचं प्रत्येक पातं घराच्या तोंडाशी असलेल्या कोपऱ्यावरून जाताना हवेला एक फटका मारतं, त्या फटक्यांचा हा सूर. तुमच्याकडे वीज ६० हर्ट्झची असेल किंवा पाती जास्त असतील तर सुळका वर सरकेल, पण हिशेब हाच.

मग एक तपासणी केली जी मला अजूनही सगळ्यांत उपयोगी वाटते, आणि तिला काहीही खर्च नाही. मशीन पूर्ण वेगात आल्यावर मुख्य बटण बंद करायचं आणि कान देऊन ऐकायचं. वीज तुटताक्षणी मोटरची स्वतःची विजेची गुणगुण जागच्या जागी मरते. पंखा मात्र बराच वेळ फिरत राहतो आणि त्याचा, हवेचा आवाज हळूहळू उतरत जातो. माझ्या मशीनमध्ये बटण दाबल्यावर सुरुवातीला जवळजवळ काहीच फरक कळला नाही. म्हणजे मोटर बिचारी गप्पच होती. दंगा सगळा हवेचा आणि पंख्याचा. मोटरला गोधडी गुंडाळावी का असा एक विचार डोक्यात होता, तो तिथेच संपला. तसं करणं घातकही आहे, मोटर आपल्या मागच्या छोट्या पंख्याने थंड होत असते.

दुसरी तपासणी: सगळ्या झडपा बंद करून ऐकणं. हवा वाहायची थांबली की पाइपांतली सूं-सूं जाते आणि उरतो तो पात्यांचा सूर, पत्र्याची थरथर आणि बेअरिंग. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला टेकवून टोक बेअरिंगच्या घरावर ठेवलं. खरखर नसून सलग गुळगुळीत आवाज होता, म्हणून बेअरिंगला हात लावला नाही. हे करताना टोक फिरत्या कुठल्याच भागाजवळ जाता कामा नये, हे सांगायला हवं.

झडपा उघडल्यावर आवाज बराच वाढतो हे कळल्यावर सुरुवात पाइपांपासून झाली. मशीनपर्यंत येणारा पाइप तारेच्या कड्यांचा लवचीक होता, आतून वळ्यावळ्यांचा. अशा पाइपातून हवा जोरात गेली की प्रत्येक वळीवर ती किंचित अडखळते आणि सगळं मिळून शिट्टी वाजते. शिवाय असा पाइप हवाही जास्त अडवतो. तो काढून आतून गुळगुळीत पाइप घातला, लवचीक तुकडा फक्त दोन ठिकाणी ठेवला: करवतीजवळ, कारण तिथे हलवाहलव लागते, आणि ब्लोअरच्या, म्हणजे पंखा आणि त्याच्या घराच्या तोंडाशी, कारण तिथे मशीनची थरथर पाइपात शिरू नये.

ब्लोअरच्या तोंडाशी आणखी एक गोष्ट होती. जागा वाचवायला तिथेच काटकोनी बेंड बसवलेला होता. बेंडमधून हवा एका अंगाने दाटून, गरगरत पंख्यावर येते, आणि अशा वेड्यावाकड्या हवेवर पाती जास्त ओरडतात. पाइपाच्या व्यासाच्या पाचपट तरी लांबी तोंडाआधी सरळ मिळावी असा जुना ठोकताळा आहे. माझा पाइप दीडशे मिलिमीटरचा, म्हणजे पाऊण मीटर. त्यासाठी मशीन भिंतीपासून हलवावं लागलं आणि लाकडाचा साठा दुसरीकडे न्यावा लागला, तो वैताग वेगळा. पण आलेखातला तो सुळका डोळ्यांदेखत बसका झाला. एकूण आवाजापेक्षा तो एक सूरच डोक्यात जात होता, त्यामुळे मीटरवर दिसला त्याहून जास्त आराम कानाला पडला.

झडपांचंही तसंच. अर्धवट उघडी झडप शिट्टी वाजवते, तेव्हा एक तर पूर्ण उघडी नाही तर पूर्ण बंद. सांध्यांवर ओला हात फिरवून गळती शोधली. जिथे गार झुळूक आत ओढली जाते तिथे हाताला लगेच कळतं. सगळे सांधे ॲल्युमिनियमच्या टेपने बंद केले. इथवर टेबलापाशी ८६ चे ८२ झाले होते, आणि अजून एक फळीसुद्धा कापली नव्हती.

मग आई म्हणाली, "आवाजाचं एक वेळ चालेल रे, पण माझा पलंग थरथरतो."

हे मला खालून कधीच कळलं नसतं. मी आवाज हवेतून जातो असं धरून चाललो होतो आणि इकडे मशीन जमिनीतून, भिंतीतून वर चढत होतं. मशीनच्या पायांखाली रबराचे तुकडे होतेच, पण ते कडक. रबर आहे म्हणजे थरथर अडली असं होत नाही. ते वजनाखाली दबलं पाहिजे. किती, याचा हिशेब असा: माझ्या पंख्याची मूळ थरथर सेकंदाला साडेसत्तेचाळीस वेळा, म्हणून खालच्या गादीचा स्वतःचा झोका त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, म्हणजे सोळाच्या खाली हवा. त्यासाठी गादी मशीनच्या वजनाने निदान एक मिलिमीटर दबायला हवी. तीन मिलिमीटर दबली तर झोका नवावर येतो, म्हणजे आणखी चांगलं. जुने तुकडे पट्टीने मोजले तर दबलेले कळतही नव्हते. त्यांच्या जागी मऊ रबराच्या लहान गाद्या घातल्या. लहान अशासाठी की तेवढंच वजन कमी जागेवर आलं तर रबर जास्त दबतं. अख्खी जाड मॅट अंथरण्यापेक्षा चार कोपऱ्यांना चार तुकडे बरे पडतात.

भिंतीवर पाइप धरणाऱ्या पट्ट्यांमध्येही रबर घातलं. आणि पंख्याच्या पत्र्याच्या घरावर तळहात दाबून पाहिलं. दाबल्यावर आवाज बदलला, म्हणजे पत्रा स्वतः वाजत होता. गाड्यांच्या दारांच्या आत चिकटवतात ती ब्युटाइल रबराची जड शीट तिथे लावली, पूर्ण नाही, सपाट भागांच्या मधोमध साधारण अर्ध्या जागेवर. बोटाने टिचकी मारली की आधी 'टण्ण' यायचं ते 'ठप' यायला लागलं. ढलप्या पंख्यावर आपटल्याचा खणखणाटही त्याने मऊ झाला. टेबलापाशी मीटरवर या सगळ्याने एकच डेसिबल गेला, ८१. वरचा पलंग मात्र थांबला. फक्त मीटरकडे बघत बसलो असतो तर हे काम वाया गेलं असंच म्हटलं असतं.

आता खोकं.

खोक्याबद्दल बहुतेकांच्या डोक्यात भिंतींची जाडी असते. भिंत जड असली पाहिजे हे खरं. वजन दुप्पट केलं तर हिशेबाने ६ डेसिबल मिळतात, प्रत्यक्षात थोडे कमी. मी १८ मिलिमीटरच्या एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे, दोन थर घेतले, एका थराचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येणार नाही असे. एका थराचं वजन चौरस मीटरला १३ किलोच्या आसपास भरतं, दोन थर म्हणजे २६. याहून जड करून काही मिळणार नव्हतं, कारण खोक्याला भोक लागणारच. कलेक्टर जितकी हवा ओढतो तितकीच फिल्टरमधून बाहेर सोडतो. ती हवा खोक्यातून बाहेर पडायला वाट हवी, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो.

वाट केवढी? माझ्या दीडशे मिलिमीटरच्या पाइपात हवा सेकंदाला २० मीटरच्या आसपास वाहते, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.३५ घनमीटर. बाहेर जाताना ती सेकंदाला २ मीटरहून वेगात जाऊ नये असं ठरवलं, म्हणजे ३०० बाय ६०० मिलिमीटरची वाट. वेगाबाबत कंजुषी करू नये. वाहत्या हवेचा स्वतःचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. वेग निम्मा केला की तो १५ ते १८ डेसिबल उतरतो. लहान भोक ठेवून 'आवाज अडवला' म्हणणारे भोकाशीच नवी शिट्टी तयार करतात आणि वर मशीनचा दम कोंडतात.

आधी नुसतं भोक ठेवून खोकं बंद केलं आणि मोजलं: ७८. इतक्या जड पेटीने फक्त तीन डेसिबल! आत आवाज भिंतींवर आपटून साठत होता आणि भोकातून बाहेर पडत होता. मग आतून सगळीकडे ५० मिलिमीटर जाडीचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, लावलं, त्यावर घट्ट विणीचं कापड ताणून. कापड हवंच, नाही तर भुशाऐवजी रॉकवूलचे तंतू खोलीत उडायचे. स्पंज स्वस्त आणि लावायला सोपा असतो, पण तो पेटतो. पंख्यावर एखादा खिळा आपटून ठिणगी पडू शकते अशा मशीनच्या आजूबाजूला, कोरड्या भुशाच्या संगतीत, मी स्पंज लावणार नाही. अस्तराने ७५ झाले.

खरी मजल वाटेने मारली. खोक्याच्या पाठीला दुसरी उंच पेटी जोडली, तिच्यात हवा खालून शिरते, वर जाते, वळून खाली येते आणि पुन्हा वळून छताजवळ बाहेर पडते. आत मधोमध रॉकवूलची उभी भिंत घातली, त्यामुळे ३०० मिलिमीटरच्या एका रुंद वाटेच्या दीडशेच्या दोन अरुंद वाटा झाल्या. अस्तराची जाडी धरून पेटी तेवढी मोठी करावी लागते, मोकळी जागा ३०० बाय ६०० उरलीच पाहिजे. हवेला काही फरक पडत नाही, आवाजाला पडतो: अरुंद वाटेत त्याला दोन्ही अंगांच्या अस्तराला घासत जावं लागतं. वळणावर सरळ जाणारा वरच्या पट्टीचा आवाज समोरच्या अस्तरात अडकतो. ७०.

हवा कोंडते आहे का हे बघायला पारदर्शक नळीचा इंग्रजी 'यू' आकार करून त्यात रंगीत पाणी भरलं. एक टोक खोक्याच्या आत, एक बाहेर, मशीन चालू. दोन्हीकडच्या पातळीत फरक असलाच तर मिलिमीटरभर. ब्लोअर दोनशे मिलिमीटरहून जास्त पाणी उचलू शकतो त्यापुढे हे काहीच नाही. ज्यांना खोक्याने ओढ कमी होईल अशी धास्ती असते त्यांनी ही नळी जरूर करून बघावी, मनातली शंका पाण्यात दिसते.

उष्णतेचंही गणित करून ठेवलं होतं. मोटर जास्तीत जास्त १.९ किलोवॅटच्या आसपास वीज घेते आणि ती सगळी शेवटी गरमीच होते. पण ०.३५ घनमीटर हवा दर सेकंदाला बाहेर जात असेल तर ती फार तर चार-पाच अंशांनी तापते. धोका हवा न वाहण्याचा. सगळ्या झडपा बंद ठेवून मशीन चालू राहिलं तर खोकं भट्टी व्हायला लागतं. म्हणून मोटरजवळ तापमानावर चालणारा कट-आउट बसवला आणि एक झडप नेहमी उघडी ठेवतो.

राहिलं दार. दार १.८ मीटर उंच, ७० सेंटिमीटर रुंद. त्याच्या चारी बाजूंनी अडीच मिलिमीटर फट आहे असं धरा, नखभर. परिघ पाच मीटर, म्हणजे एकूण फट दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का. आणि एक टक्का भोक असलेलं दार, ते पोलादाचं असलं तरी, २० डेसिबलहून जास्त अडवूच शकत नाही. चारी कडांना पोकळ रबरी पट्टी लावली, कडीऐवजी दोन ठिकाणी आवळणारे क्लॅम्प बसवले. पट्टी सगळीकडे दबते का हे कागदाची पट्टी दारात धरून ओढून तपासलं. वरच्या बिजागरीजवळ कागद सहज निसटला, तिथे बिजागरी हलवावी लागली. पाइप खोक्यात शिरतो तिथे पाइप लाकडाला टेकू दिला नाही, मधल्या फटीत रॉकवूल आणि वरून मऊ सिलिकॉन. शेवटचा आकडा ६८.

८६ वरून ६८ म्हणजे १८ डेसिबल. कानाला साधारण दर १० डेसिबलला आवाज निम्मा वाटतो, त्या मापाने आधीच्या पावभागाहून थोडा जास्त उरला. मशीन चालू असताना आता आवाज न चढवता बोलता येतं. याहून खाली जाता येईल, कारण उरलेला बराचसा आवाज ओढणाऱ्या पाइपातूनच, उघड्या तोंडाशी येतो. तिथे जाळीच्या नळीभोवती रॉकवूल गुंडाळून सायलेन्सर करतात, पण भुसा आणि ढलप्या वाहणाऱ्या पाइपात जाळीची भोकं बुजणार. आधी सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून भुसा वेगळा पाडणारा डबा, लावला आणि सायलेन्सर त्याच्या आणि पंख्याच्या मध्ये घेतला तर जमेल. माझ्याकडे जागा नाही, मी सोडून दिलं.

करवत लाकडात असताना मीटरवर मात्र फारसा फरक दिसत नाही, आणि दिसायलाही नको. करवतीचे ९२ आणि कलेक्टरचे ६८ एकत्र केले तरी ९२ च राहतात. आधी ८६ असतानाही बेरीज ९३ च यायची. कानावरचे मफ त्यामुळे सुटलेले नाहीत, रंधा मशीनला तर अजिबात नाहीत. फायदा आहे तो दोन कापांच्या मधल्या वेळेचा, जेव्हा मी मोजतो, खुणा करतो, आणि कलेक्टर हवेतली उरलेली धूळ ओढत असतो. पूर्वी त्या वेळात तो हमखास बंद व्हायचा.

एक नवी अडचण मात्र आली. पूर्वी पिशवी भरली किंवा फिल्टर बुजला की आवाजावरून कळायचं, हवा कमी झाली की ब्लोअरचा सूर बदलतो. आता दाराआड काही ऐकूच येत नाही. पिशवीसमोर दारात दुहेरी ॲक्रिलिकची लहान खिडकी केली आणि आत दिवा लावला. ती पाण्याची नळीही फेकली नाही. आता तिचं एक टोक फिल्टरच्या आधी आहे आणि दुसरं खोक्यात. नळी बाहेर दाराशेजारी लावली आहे. फिल्टर स्वच्छ असताना पाण्यात बोटभर फरक असतो. मार्करने त्याच्या तिप्पट उंचीवर खूण केली आहे, पाणी तिथे आलं की दार उघडून फिल्टर झटकतो.